मालक वापर

भारतनं आईची शेगडी तिला न विचारताच उचलली. वरचं चहाचं भांडं कलंडलं, चहा सांडला, तरी त्याला पर्वा नाही.

"काय रे, माझ्या शेगडीनं तुझं काय खाल्लं?" मालनबाई दार अडवून उभ्या राहिल्या.

"आई, घरपट्टीवाले गल्लीत आलेत. घरं मोजतायत. दोन स्वयंपाकघरं दिसली की मागची खोली भाड्यानं दिलीय असं लिहितात म्हणे. मग पट्टी दुपटीच्या वर. तू फक्त गप्प बस."

गप्प बसणं मालनबाईंना कधी जमलं नव्हतं. घर त्यांच्या नावावर होतं. नवऱ्यानं, रावजींनी, ट्रक चालवून ते बांधलं. विटा मालनबाईंनी स्वतः वाहिल्या. रावजी गेले आणि वर्षाच्या आत सुनेला सासूच्या फोडणीचा वास सोसेनासा झाला. भारत म्हणाला, मागच्या खोलीत तुला मोकळं वाटेल. शेगडीही त्यानंच आणून दिली. तेव्हापासून मालनबाई एकटीपुरता भात टाकायच्या. गल्लीत कुणी विचारलं तर सांगायच्या, "मलाच यांचं अळणी जेवण चालत नाय."

"आई, या ना जेवायला," सून आभा म्हणाली. आवाज इतका गोड, की मालनबाईंनी मागं वळून पाहिलं. दुसऱ्या कुणाची आई आली की काय?

टेबलावर ताट वाढलं होतं. भाकरी आणि भरलं वांगं. त्यांनी ठरवलं, घरपट्टीच्या साहेबाला दाखवण्यापुरते दोन घास खायचे आणि उठायचं. पण भाकरी ऊन होती. भारत शेजारी बसला आणि लहानपणी करायचा तसा त्यानं आईच्या ताटातला कांदा उचलला. मालनबाईंनी ताट त्याच्याकडं सरकवलं. वांग्यात मीठ कमी होतं. तरी त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

महापालिकेचे यादव साहेब आले. त्यांनी खोल्या मोजल्या, मागच्या खोलीत डोकावून पाहिलं.

"इथं कोण राहतं?"

"आईच. झोपण्यापुरती," भारत म्हणाला. "जेवण सगळ्यांचं एकत्र."

यादवांनी तिथली तेलकट भिंत पाहिली, मग टेबलावरचं ताट पाहिलं. त्यांना हसू आलं. "अहो, आईनं दहा चुली मांडल्या तरी ती भाडेकरू होत नाही. भाडं घेतलं तरच भाडेकरू. नाहीतर कागदावर आम्ही 'मालक वापर' लिहितो. तुमची पट्टी आहे तेवढीच राहील."

भारतचा जीव भांड्यात पडला. साहेब अजून दारातच होते, पण त्याला दम निघेना.

"म्हणजे शेगडी उगाचच हलवली की! आई, ठेवतो परत मागं. ताट तिकडंच आणून देऊ?"

आभानं भाकरीची टोपली झाकून टाकली.

मालनबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. पदराला हात पुसला.

"साहेब, जरा थांबा. आई भाडेकरू होत नाय म्हणालात. पोरगा होतो का?"

यादव गोंधळले. "भाडं देत असेल तर... होतो. पण आजी, पट्टी वाढेल. ती मालकाला भरावी लागते. म्हणजे तुम्हालाच."

"वाढू द्या. लिहा."

"आई, अगं काय हे!" भारत उठला.

त्या त्याच्याकडं वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"भारत, आजपासून तू भाडेकरू. एक तारखेला भाडं आणून द्यायचं. आणि दार वाजवून यायचं. मालकीण मागच्या खोलीत राहते."