बाकाचं रिकामं टोक

सातवा डाव संपवून रॉयस टॅगर्ट डगआउटमध्ये शिरला, तेव्हा बाकाचं एक टोक पूर्ण रिकामं होतं. तिथे त्याचा टॉवेल होता, पाण्याचा पेला होता आणि आसपास चिटपाखरूही नव्हतं. बाकीचा संघ दुसऱ्या टोकाला मांडीला मांडी लावून बसला होता. एकानेही मान वर केली नाही.

रॉयस मनातल्या मनात हसला. म्हणजे यांनाही कळलं तर.

रिवाज बेसबॉलइतकाच जुना. पिचर समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे बॅटरला बेस मिळवून देणारा फटका, न देता सामना शेवटाकडे नेत असला, की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, शेजारी बसायचं नाही आणि त्या गोष्टीचं नाव तर चुकूनही काढायचं नाही. नाव काढलं की दृष्ट लागते. पिचरनेही काढायचं नसतं. मोठ्या लीगमधल्या चार हंगामांत रॉयसने हे मौन दुसऱ्यांच्या वाट्याला आलेलं पाहिलं होतं. त्याच्या वाट्याला ते यायला छत्तिसावं वर्ष उजाडलं, आणि तेही ओक्लाहोमातल्या या गावात. इथे कुंपणापलीकडे गुरांचा बाजार भरायचा आणि धावफलकावर धावांचा आकडा तेवढा पेटायचा. बाकीचे दिवे कधीचे गेले होते.

कोपराची शस्त्रक्रिया झाल्यावर मोठ्या क्लबांनी त्याला सोडून दिलं होतं. आज मात्र त्यांच्यापैकी एका क्लबचा माणूस, गवती हॅट घालून, कॅचरच्या मागच्या रांगेत बसला होता. त्याच्या देखत हे पार पडलं की या भिकार गावातून सुटका.

रॉयसने दुसऱ्या टोकाकडे नजर टाकली. कॅचर वेस्ली पार्डी हिवाळ्यात सासऱ्याच्या दुकानात गाद्या विकायचा आणि उन्हाळ्यात गाद्या वाहिल्यासारखा पळायचा. तिसऱ्या बेसवरचा रोसेंदो सांतो दोमिंगोहून आलेला. दोन महिने झाले तरी रॉयस त्याला पेद्रोच म्हणायचा. त्याने एकदा नाव दुरुस्त करून पाहिलं, तर रॉयस म्हणाला होता, "तुमच्यात कुणीतरी पेद्रो असतोच."

याच पेद्रोने दुसऱ्या डावात घोटाळा केला होता. चेंडू जमिनीलगत सणसणत गेला, रोसेंदोने आडवी झेप घेतली, ग्लोव्हच्या टोकाला चेंडू निसटता लागून मागे गेला आणि बॅटर पहिल्या बेसवर पोचला. रॉयस भर मैदानात ओरडला होता, "पायांना मुळं फुटली का रे? ही चूक तुझ्या नावावर जाणार, माझ्या नाही." क्षेत्ररक्षकाची चूक असेल तर तो हिट धरत नाहीत. वर काचेच्या खोलीतला गुणलेखक ते ठरवतो, आणि तो आंधळा नसणार याबद्दल रॉयसला शंका नव्हती. रोसेंदो अंगावरची माती न झटकता जागेवर जाऊन उभा राहिला होता. तो शर्ट अजून तसाच होता.

तेव्हापासून सगळे गप्प होते. तसं गेल्या आठवड्यात न्याहारीलाही त्याच्या टेबलाशी कुणी फिरकलं नव्हतं. त्याला ते बरंच वाटलं होतं. गादीवाल्यांशी बोलायचं तरी काय?

आठवा डावही कोरा गेला. प्रशिक्षक हॅडली सूर्यफुलाच्या बिया चघळत आला, त्याच्या हाताकडे पाहिलं, भुवया उंचावल्या. रॉयसने मान हलवली. हॅडली टरफलं थुंकून निघून गेला. एरवी त्याने एव्हाना दुसरा पिचर आणला असता. काल सामना चौदा डावांपर्यंत लांबला आणि बाकीच्या पिचरांचे हात लोळागोळा झाले हे खरं. पण ते धडधाकट असते तरी हॅडलीची आज छाती झाली नसती.

गवती हॅटवाला उठून गेला होता. फोन करायला, दुसरं काय. असल्या बातम्या कुणी खुर्चीत बसून देत नाही.

दुसऱ्या टोकाला रोसेंदो हळू आवाजात काही म्हणाला आणि पार्डीने तोंडावर हात धरून हसू दाबलं. दडपण आलं की हलकी माणसं अशीच खिदळतात. जाताना यांना एकेक बिअर पाजावी, असं रॉयसला वाटून गेलं.

नवव्या, शेवटच्या डावात पहिले दोघे झटपट बाद झाले. तिसऱ्याने चेंडू उंच उडवला. तो तिसऱ्या बेसवर रोसेंदोच्या ग्लोव्हमध्ये अलगद उतरला.

रॉयसने दोन्ही हात आभाळाकडे उंचावले आणि पार्डी धावत येऊन मिठी मारेल म्हणून डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा पार्डी मुखवटा काखेत मारून चालत येत होता, आणि रोसेंदोने चेंडू कठड्यापलीकडे लिंबूसरबत पीत बसलेल्या एका बाईकडे टाकला होता.

"तो चेंडू परत आण," रॉयस पार्डीला म्हणाला. "तो मला घरी ठेवायचाय."

"कशाला?"

"डोकं ठिकाणावर आहे का? एकही हिट दिला नाही मी."

कर्णा खरखरला. निवेदक रोजच्यासारखा आकडे वाचू लागला. पाहुणे, धावा शून्य, हिट एक. यजमान, धावा दोन, हिट सहा, चुका शून्य.

"दुसऱ्या डावातला," पार्डी म्हणाला. "तो कुणाच्या बापाला अडला नसता."

रॉयसचे हात अजून पुरते खाली आले नव्हते. "मग इतका वेळ सगळे गप्प का होतात?"

पार्डीने गुडघ्यावरच्या पॅडचा पट्टा सोडवला.

"गप्प कुठे होतो? बोलत होतो की. एकमेकांशी."