तीन नंबरच्या प्रेसवरचं फ्रेंच

"शेवटचं अक्षर गिळायचं, ताई. लिहायचं, पण बोलायचं नाही," साक्षीनं तिसऱ्यांदा सांगितलं.

"मग लिहायचं कशाला?" स्वरूपानं विचारलं.

साक्षीनं तो शब्द पुन्हा फळ्यावर लिहिला. आकुर्डीच्या कॉलेजात फ्रेंच शिकवणारी ही पोरगी दहा दिवसांसाठी महाळुंग्याच्या कारखान्यात आली होती. ऑर्डर देणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या बाई पाहणीला येणार होत्या. त्यांचं स्वागत लाइनवरच्याच एका बाईनं फ्रेंचमध्ये करायचं, ही कल्पना मॅनेजर दादासाहेबांची. दादासाहेब गावचे जुने. आज ज्या शेडमध्ये त्यांची केबिन होती, तिथं त्यांच्या आज्याचा कांदा निघायचा. माणसाची पारख ते बैलासारखी करत: कोण ओढील, कोण बसेल, कोण शिंग उगारील. स्वरूपाला त्यांनी ओढणाऱ्यांत धरलं होतं.

"याचा अर्थ काय हो, साहेब?" स्वागताचा कागद हातात पडल्यावर तिनं विचारलं होतं.

"अर्थाचं काय लोणचं घालतीस? पाव्हणी उच्चार ऐकणार हाय. तेवढा नीट कर."

स्वरूपा तीन नंबरच्या प्रेसवर होती. प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा जबडा खाली येतो, म्हणजे हात मध्ये सापडायला नको. पण त्यात दर पार्टमागं चार सेकंद जातात. ते चार सेकंद दादासाहेबांनी वाचवले होते. डाव्या बटणात लाकडी खुंटी ठोकली की ते दाबलेलंच राहतं आणि डावा हात पार्ट सरकवायला मोकळा. आठही प्रेसना अशा खुंट्या होत्या. बाहेरचं कुणी तपासायला आलं की सकाळी उपटायच्या, गाडी गेटबाहेर पडली की परत ठोकायच्या. मार्चमध्ये तीन नंबरवर मंजुळाबाईची दोन बोटं गेली. रजिस्टरात 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढं लिहिलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या स्टुलावर स्वरूपाला बसवलं.

वर्गात नियम साक्षीचा असायचा आणि उदाहरणाचा शब्द स्वरूपाचा. "हाताला काय म्हणतात? लाकडाला? आज सकाळी, हे कसं म्हणायचं?" बोटांची सहा अक्षरं निघाली आणि उच्चार नुसता 'द्वा'.

"तीन अक्षरं बसून पगार घेतात म्हणा की," स्वरूपा म्हणाली. "आमच्या ऑफिससारखी."

साक्षी हसली. मग तिनं पुढचा नियम सांगितला. गप्प बसलेलं अक्षर कायम गप्पच बसतं असं नाही. पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला की पुष्कळदा ते बोलायला लागतं. हा नियम स्वरूपाला एका दमात पाठ झाला.

सातव्या दिवशी साक्षी थबकली. "ताई, स्वागताच्या भाषणात बोटं कशाला हवीत?"

"आमच्या लातूरकडं स्वागत हातानंच करतात, मॅडम."

साक्षीनं तिच्याकडं बघितलं. मग ट्रेनिंग रूमच्या काचेतून खाली, तीन नंबरकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं एक चिठ्ठी आणली. स्वरूपानं मागून मागून जमवलेल्या शब्दांची पाच सरळ वाक्यं झाली होती. "याचाही सराव करा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दहा दिवस भरले, साक्षी गेली. पाहुण्या यायच्या दिवशी सकाळी खुंट्या निघाल्या. जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्यानं रंगले. मंजुळाबाईची ड्यूटी कँटीनच्या मागं लागली. औक्षण झालं, नारळ दिला आणि दादासाहेबांनी स्वरूपाला पुढं ढकललं. "घाबरू नगं, पोरी."

घाबरण्यासारखं होतंच. ती ठेकेदाराची कामगार. गेटपास काढून घ्यायला एक फोन पुरे होता. पण संध्याकाळी खुंटी परत बसणार होती, आणि आपली दहाच्या दहा बोटं तिला हवी होती.

तिनं कागदावरचं स्वागताचं वाक्य म्हटलं. कागदाची घडी केली. मग समोरच्या बाईंकडं बघत चिठ्ठीतली पाच म्हटली. आज सकाळपर्यंत या प्रेसच्या बटणांत लाकडाच्या खुंट्या होत्या. तुम्ही गेलात की त्या परत बसतील. इथं एका बाईची दोन बोटं गेली. चूक तिची नव्हती. आता तिच्या जागेवर मी बसते.

जिथं अक्षर गिळायचं तिथं गिळलं, जिथं बोलायचं तिथं खणखणीत बोललं.

पहिली टाळी दादासाहेबांनी वाजवली. मग सगळी शेड वाजली.

पाहुण्या बाईंनी मात्र टाळी वाजवली नाही. हातातला नारळ त्यांनी शेजारच्याकडं दिला आणि कुणी वाट दाखवायच्या आत त्या तीन नंबरकडं गेल्या. डाव्या बटणाच्या कडेनं अंगठा फिरवला. खुंटीनं रंग खरवडला होता, आणि फटीत लाकडाची बारीक ढलपी अडकली होती. ती नखानं काढून त्यांनी उजेडात धरली. मग मागं वळून स्वरूपाला काहीतरी विचारलं, भरभर.

स्वरूपा बोलायला शिकली होती, ऐकायला नव्हे. त्या सगळ्यातला तिला एकच शब्द कळला.

"काय म्हनल्या? खूश हायेत ना?" दादासाहेबांनी हसतच तिच्या कानाशी येऊन विचारलं.

"'कोणी?' असं विचारतायत," स्वरूपा म्हणाली. "काय सांगू, साहेब?"