चौथ्या घासाचा आवाज

ऑपरेशन होऊन सात महिने झाले तरी निरंजनचं वजन जेमतेम सहा किलोनं उतरलं होतं, म्हणून आहारतज्ज्ञ शलाका मॅडमनी त्याच्या पोटातलं यंत्र तपासायला घेतलं. लहान केलेलं जठर चार घासांत भरायचं आणि मग यंत्र पेशंटने निवडलेल्या आवाजात कानात सांगायचं, की थांब. बहुतेक जण शाळेतल्या कडक मास्तरांचा आवाज निवडत. निरंजनने दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आईचा निवडला होता. घरच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून यंत्र तिच्यासारखं बोलायला शिकलं होतं.

मॅडमनी स्पीकर लावला.

"चार घासांत कसलं रे जेवण, निरू? अर्धी भाकरी तरी घे."

"रोज असंच म्हणतात?" मॅडमनी विचारलं.

"सणावाराला तुपाचंही विचारते."

"अहो, मग घेता कशाला?"

"नाही म्हटलं की रुसते."

मॅडम हसल्या नाहीत. "आवाज बदलावा लागेल. जठर पुन्हा ताणलं जातंय."

"आईला काढू नका," निरंजन म्हणाला. "कधीतरी 'पुरे' म्हणाली असेलच की. शोधा ना."

अकरा वर्षांच्या रेकॉर्डिंगमध्ये ते एकदाच सापडलं. आईच्या शेवटच्या आजारातलं, हॉस्पिटलमधलं होतं. तो तिला चमच्याने पेज भरवत होता.

संध्याकाळी निरंजन जेवायला बसला. चौथ्या घासाला कानात क्षीण आवाज आला, "पुरे रे आता. तू जेवलास का?"

त्याने हातातला तुकडा ताटात ठेवला.

"हो, आई," तो म्हणाला. "जेवलो."