तिसरा सिलिंडर

इंजिन पुन्हा अडखळलं आणि हिरीने वैतागून स्विच बंद केला. चार सिलिंडरांतला एक ‘मिसिंग’ होता, म्हणजे पेटतच नव्हता, आणि दुपारी चार वाजता वर्षाची वरात सूर्यमाळला चढायची होती. सासरी जाईन तर आजोबांच्या ट्रॅक्टरवरूनच, असा लेकीचा हट्ट. जीप सांगू म्हटलं, तर ती हळदीच्या अंगानं रुसून बसली. पेट्रोलवरचा असला ट्रॅक्टर आता औषधालाही सापडत नाही, तिथं त्याचा मेकॅनिक कुठून आणायचा?

तरी सकाळीच तिने जव्हारच्या दिराला फोन केला होता. “देवानंद भावजी, ट्रॅक्टर मिसिंग हाय. मोखाड्यातून माणूस धाडा.” देवानंदांचा जन्म कचेरीत फायली हलवण्यात गेलेला, पण सांगितल्या कामात हयगय नाही. अकराच्या सुमारास एक माणूस मोटरसायकलवरून दारात उतरला.

“मी मंगेश. देवानंदरावांनी पाठवलंय.” त्याने डायरी उघडली. “ट्रॅक्टर कधीपासून मिसिंग?”

“कालपासून. खोडाळ्याच्या बाजाराला नेला तवा चांगला होता.”

“रंग? नंबर?”

हिरीने सांगितलं. माणूस बारकाईनं काम करणारा दिसतोय, असं तिला वाटलं.

“कुणावर संशय?”

“माझा तर प्लगवर हाय.”

मंगेशचं पेन थांबलं. “मावशी, ट्रॅक्टर आहे कुठं?”

“घरामागं. या की.”

ट्रॅक्टर पाहून त्याने डायरी मिटून खिशात घातली. मग मांडवातून डोकावणाऱ्या वर्षाचा पडलेला चेहरा त्याला दिसला, आणि त्याने बाह्या सरसावल्या.

“पाना आहे?”

मेकॅनिक आला तोही हात हलवत. हिरीने मनातल्या मनात दिराला दोन शिव्या हासडल्या आणि पाना आणून दिला. पण गड्याच्या हाताला वळण होतं. इंजिन चालू ठेवून, कोरडं फडकं धरून तो प्लगची एकेक वायर काढून पाहू लागला. पहिली काढली, इंजिनाचा आवाज पडला. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली तर काही फरकच नाही.

“हाच झोपलाय. माझे वडील असंच शोधायचे.”

प्लगची काजळी घासून काढली, तरी अडखळणं थांबेना. मग वायरवरून बोट फिरवत तो टाकीखाली पोचला. तिथं उंदराने वायर कुरतडली होती; ठिणगी वाटेतच गळत होती. त्याने तेवढा तुकडा कापला, टोकं जोडली, वर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं.

हिरीने स्टार्टर दाबला. चारही सिलिंडर एकसारखे बोलू लागले. वर्षा धावत आली आणि तिने ट्रॅक्टरलाच हळद फासली. हिरीला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

“दादा, मजुरी काय देऊ?”

“मजुरी नको मावशी, एक सही हवी.” मंगेशने हात पुसले, डिकीतली खाकी टोपी काढून डोक्यावर नीट बसवली आणि कागद वाचून दाखवला. “देवानंद यांच्या तक्रारीवरून ठाण्यातर्फे तपास केला. मिसिंग ट्रॅक्टर मालकिणीच्या घरामागंच मिळून आला. संशयित उंदीर फरार.”