देवीसमोरची शपथ

“माझो झील पुढे धावता, पण मागे कोण येता ता बघ गो,” सासूबाई आपल्या मुलाबद्दल म्हणाल्या होत्या. मी हसून सोडून दिलं. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या साऱ्या गावाने देवीसमोर शपथ घेतली होती: नळाला पाणी येईपर्यंत पंचायतीचा पर्यटक कर कुणीच भरायचा नाही. सगळ्यांच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालायला माझ्या नवऱ्यालाच पुढे केलं होतं.

काल पंचायतीने फक्त आमच्या खोल्यांना सील ठोकलं. बाळाला कडेवर घेऊन मी शेजारी धावले, तर वहिनी फाटकाला पाठ लावून उभ्या, सरकेचनात. बाळाने त्यांच्या खांद्यामागे चकाकणाऱ्या पत्र्याला हात घातला. कर भरलेल्यांनाच मिळणारी पाटी होती ती.

“कधी भरलात?”

“अगो, शिमग्याआधीच. सीझन तोंडावर आलेला, सगळ्यांनीच भरला.”

“आणि आम्हाला सांगितलं नाहीत?”

“भावोजींनी ऐकलं असतं? शिवाय पाण्यासाठी कुणीतरी अडून बसायला हवंच ना!”

हे मी घरी येऊन नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. ते आज सकाळपासून धक्क्याच्या टोकाला बसून आहेत. मी गेले, तर “बाळाला वारा लागेल, जा तू,” म्हणाले.

गावातल्या कुणाला त्यांच्याकडे पाठवायचा धीर होत नाही. तुम्ही परगावचे. किनाऱ्यावर फिरायला जाल, तेव्हा त्यांना एक हाक मारून बघाल? ओ दिली नाही, तर तसेच धावत मला सांगायला या.