धाकटीच्या नावाचं रक्त

"म्हणजे ही नखरे करत नव्हती," डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या. "हिला खरंच आजार आहे. जन्मापासूनचा."

धाकटीने मान वर केली. हाडं ठणकतात, दम लागतो, डाव्या बरगडीखाली पोट फुगतं, हे ती शाळेत असल्यापासून सांगत होती. आणि तेव्हापासून आईचं एकच उत्तर होतं : जुळ्या तुम्ही दोघी, एका पोटच्या, एका ताटात जेवलेल्या, मग थोरलीला कसं काही होत नाही? थोरली दुकानात दिवसभर कापडाचे तागे उचलायची. धाकटी काजं करायची, तीही धापा टाकत.

"शरीरातला कचरा साफ करणारं एक द्रव्य असतं. हिच्या रक्तात ते जवळजवळ नाहीच," डॉक्टरीणबाई सांगत होत्या.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. थोरलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडच्यांनी गोड शब्दांत सुचवलं होतं, धाकटीचं पोट काही बरं दिसत नाही, तेवढी तपासणी करा, मग तारीख काढू. आई पडली हुशार. रिपोर्ट स्वच्छ यावा म्हणून तिने धाकटीच्या नावावर थोरलीलाच रक्त द्यायला पाठवलं. धाकटीला म्हणाली, "तुला कशाला गं सुया टोचून घ्यायच्या?" धाकटीला ती माया वाटली होती, बिचारीला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

"आता थोरलीचंही रक्त घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा हुबेहूब एकसारख्या जुळ्यांत दोष दोघींतही असतोच. त्रास मात्र सारखा नसतो. एकीला लहानपणीच गाठतो, दुसरीला चाळिशीत, एखादीला कधीच नाही. असं का, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही."

"माझं घेऊन झालंय," थोरली म्हणाली. "तुमच्या हातात आहे तो रिपोर्ट माझाच आहे."

डॉक्टरीणबाईंनी तिघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्या आईवर अशा संतापल्या की दाराबाहेरच्या नर्सनेही डोकावून पाहिलं. औषध आहे, त्या म्हणाल्या, पण या मुलीची इतकी वर्षं तुम्ही मातीत घातलीत. धाकटीचं रक्त आत्ताच्या आत्ता घ्यायचं, बाहेर थांबा.

बाहेर बाकावर गर्दी होती. कुणीतरी उठलं, एक जागा झाली. आईने लगबगीने थोरलीचा दंड धरून तिला तिथे बसवलं, पदराने तिचं कपाळ पुसलं.

"बस बाई, बस. उभी राहू नकोस. आता जपायला हवं तुला."

धाकटी भिंतीला हात टेकून उभी होती.

"आई," ती म्हणाली, "तिला अजून काही दुखत नाहीये गं."