बाहेरची बंदूक

बंदूकवाल्यानं नळीवरून नख फिरवलं आणि ते एका जागी अडकलं.

"काकी, हे काय लागलंय हिला?"

अनसूयेनं वाकून पाहिलं. निळ्याकाळ्या नळीवर बोटाच्या पेराएवढा एक तांबूस खळगा होता.

"गंज आहे," जितेश म्हणाला. मुंबईत त्याचं परवानाधारक बंदुकांचं दुकान होतं आणि सगळे कागद घेऊन तो भाईंदरजवळच्या या राई गावापर्यंत आला होता. "पण एकाच जागी, एवढा खोल? ओलं काहीतरी लागत आलंय. वर्षानुवर्षं."

अनसूयेनं आपली अनामिका त्या खळग्यावर टेकवली. पेर बरोबर आत बसलं.

दर दसऱ्याला पाण्यात कालवलेलं कुंकू, हेच बोट, हीच जागा. लग्नाला पन्नास वर्षं झाली, म्हणजे पन्नास दसरे. वर ताकीदही तिचीच, पूजेचं कुंकू पुसायचं नसतं.

खिडकीजवळच्या खुर्चीत काशीनाथ बसला होता. ऐंशी पार झालेला, उजव्या कानानं कमी ऐकणारा, डावा कान पार गेलेला. तो कान याच बंदुकीनं नेला होता, भातावर येणारी डुकरं हाकलताना. आता डुकरंही नव्हती आणि भातही नव्हतं. शेताच्या जागी बावीस मजले उभे होते. बंदूक तेवढी राहिली होती. आठ दिवसांनी तिचा परवाना संपणार होता. "हात थरथरतो त्यानं बंदूक ठेवू नये," असं त्यानंच ठरवलं होतं. म्हणून आजचा दिवस.

पण ती जाणार ती मानानं, हे त्यानं गृहीत धरलं होतं. बंदूक इंग्लंडची, त्याच्या बापानं घेतलेली. थोरली लेक स्वप्नाली पाळण्यात होती तेव्हा सरकारनं बाहेरच्या बंदुकांची आयात बंद केली, आणि त्या दिवसापासून काशीनाथच्या घरात जणू एक तेजीचा बाजारच उघडला. पहिल्या वर्षी तो म्हणाला, हिच्या किमतीत एक होडी येईल. मग म्हणाला, रिक्षा येईल. मग भाईंदरला दुकानाचा गाळा. मागायला माणसं खरंच यायची. हा त्यांना चहा पाजायचा आणि हात हलवत परत पाठवायचा.

"मी पन बाहेरचीच," अनसूया पाहुण्यांना सांगायची. "नवघरवरनं आनलेली. माझीबी आयात यांनी एकदाच केली. पन भाव कंदी चढला न्हाय."

जितेशनं आवाज खाली आणला. त्याची काही गरज नव्हती. "काकी, झूठ नाही बोलणार. पंचवीस. हजार."

"लोकं लाखांत मागत व्हती रे."

"तेव्हा बाहेरचा माल मिळतच नव्हता ना. आता बाहेरच्याच कंपन्या इथं कारखाने टाकून बनवतायत. जुन्याला कोण विचारतंय? तरी लाखभर काढून दिले असते मी. पण हा डाग..."

"काय गो, काय बोलतो त्यो?" खुर्चीतून आवाज आला.

अनसूया उठली. त्याच्या उजव्या बाजूला जाऊन कानाशी वाकली. गेली कित्येक वर्षं जगाचं बोलणं त्याच्यापर्यंत तिच्याच तोंडून पोचायचं, आणि त्यातलं थोडंफार ती वाटेत गाळायचीही. "बोलतो, बाहेरच्या बंदुका आता हितंच बनतात. भाव उतरला."

"कवरा?"

"पंचवीस हजार."

काशीनाथनं मान हलवली. गाळा गेला, रिक्षा गेली, होडीही गेली. त्यानं खिडकीबाहेरच्या बावीस मजल्यांकडे तोंड फिरवलं. अनसूयेला वाटलं, निभावलं.

"आनी डागाचं काय बोलला?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "कुठला डाग?"

"तुझ्या बोटाचा."

जितेशनं बंदूक हळूच मांडीवर ठेवली.

"तुमाला म्हाईत व्हता?"

"वीस वर्सां बघतोय. सगली बंदूक तेलानं पुसायचो, तेवढी जागा सोडून."

"मंग बोलायचं व्हतं ना एकदा. लाखाची चीज मी घालवली."

"बोललो असतो तर लावायची थांबली असतीस." तो जितेशकडे वळला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्याला समजावून सांगू लागला, "वर्सातनं तेवरंच, रं. हात जोडून गप उभी ऱ्हायची. नायतर हिला गप कोन करतो? मोटा बार काढला तरी न्हाय."

जितेश हसला. पिशवीतून तेलाची चिंधी काढत म्हणाला, "काका, घासला तर थोडा उजळेल."

"नेल्यावर घास," काशीनाथ म्हणाला. "हितं नको."

सह्या झाल्या. जितेशनं बंदूक खोळीत घातली, दोघांना नमस्कार केला आणि तो गेला. कपाटाचं दार उघडंच राहिलं होतं. आत लांबट, रिकामी जागा आणि तेलाचा वास.

"आता दसऱ्याला कुंकू कशाला लावशील?" काशीनाथनं विचारलं.

अनसूयेनं कपाट लावलं, कडी घातली आणि परत त्याच्या उजव्या कानाशी आली.

"तुमच्या त्या दुसऱ्या कानाला. बंदूक तिथं अजून हाय."

काशीनाथनं मान वळवली आणि डावा कान तिच्यापुढे केला.